सत्यभामाबाईंचा डोंगरातला बंब

अमिरातीत लाकडावर चालणारा बॉयलर आहे, असं मी अबुधाबीच्या ऑफिसात सांगितलं तेव्हा कोणाचाच विश्वास बसला नाही. इथे मे महिना लागला की लोक गीझर बंद करतात आणि त्यात साठलेलं पाणी गार पाणी म्हणून वापरतात, कारण नळाला थेट येणारं पाणी चटके देतं. अशा देशात घर तापवायला लाकडं कोण जाळेल? "रिटायरमेंट जवळ आली की माणसाला असं काहीबाही दिसायला लागतं," असं एक सहकारी म्हणाला. पण बॉयलर आहे. रास अल खैमाच्या डोंगरात, खजुराच्या बागेला लागून असलेल्या एका पाहुणेघराच्या अंगणापलीकडे तो उघड्यावर उभा आहे. तो चालवणारी बाई आजरा तालुक्यातली आहे. तिचं नाव सत्यभामा.

पाहुणेघर हलिमाबाईंचं. त्यांचे यजमान तरुणपणी एका थंड देशात राहिले होते. तिथे शेतांवर असे बॉयलर त्यांनी पाहिले. घर बांधलं तेव्हा डोंगरात विजेचा भरवसा नव्हता आणि बागेत छाटणीचं लाकूड ढिगानं पडत होतं, म्हणून त्यांनी एक बॉयलर जहाजानं मागवला. दिसायला ती पत्र्याची लहानशी खोली आहे. आत भट्टी आणि भट्टीभोवती पाण्याचं मोठं कवच. तापलेलं पाणी पंपानं जमिनीखालच्या पाइपातून घरात जातं, खोल्यांमधल्या रेडिएटरांतून फिरतं, अंघोळीच्या पाण्याची टाकी तापवतं आणि निवून दुसऱ्या पाइपानं परत बॉयलरकडे येतं. कवचाला खाली एक तोटी आहे, कपडे धुण्यापुरतं पाणी काढायला. वर झाकण आहे. बस्स, एवढीच ती यंत्रसामग्री.

सत्यभामाबाई दुबईत आल्या त्या बर दुबई या भागातल्या एका मराठी कुटुंबाकडे स्वयंपाकाला. ते कुटुंब पुण्याला परत गेलं तेव्हा हलिमाबाईंनी त्यांना डोंगरात नेलं, तेही स्वयंपाकासाठीच. बॉयलर तेव्हा दुसरा माणूस बघायचा. तो एका हिवाळ्याच्या तोंडावर नोकरी सोडून गेला आणि घर गारठलं. हलिमाबाई फोनावर माणूस शोधत होत्या. सत्यभामाबाई अंगणात गेल्या, भट्टीचं दार उघडून आत वाकल्या, राख ओढली आणि स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "मॅडम, ये तो हमारा बंब है. किसी को मत बुलाओ."

हलिमाबाईंना हिंदी चांगली येते, त्यांच्या पिढीतल्या पुष्कळ अमिराती बायकांना येते. पण बंब म्हणजे काय ते त्यांना कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. संध्याकाळी खोली उबदार झाली आणि माणूस शोधायचं थांबलं.

सत्यभामाबाई नम्र वगैरे मुळीच नाहीत. पाहुणे आले की त्या आधी आपला बॉयलर दाखवतात, मग खोल्या. आमचा अबुधाबी-दुबईतल्या मराठी कुटुंबांचा एक गट आहे. बरीच वर्षं आम्ही जानेवारीत एकदा तिथे राहायला जातो, त्यामुळे ते प्रात्यक्षिक मी अनेकदा पाहिलेलं आहे. त्या परतीच्या पाइपावर उलटा हात ठेवायला लावतात. घरात गेलेलं पाणी कसं परत येतं, यावरून घराची तब्येत कळते, हे त्यांचं पहिलं सूत्र. थंडी वाढली की जाणारं पाणी तेवढंच कढत असलं तरी परतणारं पाणी लवकर निवलेलं येतं. खोल्या जास्त ऊब ओढतात, वाटेतली जमीन ओढते, वारा पत्र्यातून ओढतो. "समद्यास्नी एकदम भूक लागती वो, आणि रांधणारी मी एकटी," असं त्या सांगायच्या.

माणसं थंडी पडली की भट्टी ठासून भरतात, ही त्यांची मुख्य तक्रार. ठासून भरली की हवा खेळत नाही, जाळ धुमसतो, धुराड्यात डांबरासारखा काळा थर धरतो आणि पाणी काही तापत नाही. त्या थोडं घालायच्या, सुकं घालायच्या, पुन्हा पुन्हा घालायच्या. आणि सुकं म्हणजे खरोखर सुकं. इथल्या जानेवारीत पाऊस फारसा नसला तरी पहाटे धुकं असतं आणि दव इतकं पडतं की मोटारीच्या काचेवरून ओघळ येतात. उघड्यावर रचलेलं लाकूड ते रात्रभर पितं. म्हणून दुसऱ्या दिवसाची लाकडं त्या आदल्या दिवशीच बॉयलरच्या पत्र्याला टेकवून ठेवायच्या. त्याच्याच अंगच्या उबेवर ती सुकायची. बागेतली छाटणी आणि सामानाबरोबर आलेली फळकुटं सोडून दुसरं लाकूड त्या भट्टीत घालत नसत. एका पाहुण्यानं वाटेवरच्या घाफच्या, म्हणजे इथल्या वाळवंटी झाडाची, फांदी उचलून आणली होती, त्याला त्यांनी ती परत ठेवून यायला लावलं. "झाड हितल्या लोकांचं लाडकं हाय. आपन पाव्हनं."

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी भोगी रविवारी आली होती. आम्ही शनिवारी दुपारीच गाड्या काढून निघालो. माझी पत्नी मृणालिनी हिनं भोगीच्या भाजीची सगळी तयारी बरोबर घेतली होती. आमच्यात सुयश आणि वैभवी हे तरुण जोडपं नवीन होतं. सुयश दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका कारखान्यात इंजिनिअर. एअर कंडिशनिंगच्या पाइपांना जे जाड फोमचं आवरण असतं, ते तिथे बनतं. त्याच्या गाडीच्या डिकीत त्या आवरणाचे नमुने कायम पडलेले असतात, आणि त्यावरून वैभवी त्याला कायम बोलत असते. त्या दिवशी त्या फोमवर मटारची पिशवी ठेवलेली होती.

डोंगर चढताना गाडीतला तापमानाचा आकडा उतरत गेला. आठवड्यापूर्वी तिथे पाऊस होऊन गेला होता आणि मागोमाग वारं सुटलं होतं. गाडीतून उतरल्यावर सुयशची लेक म्हणाली, "इट्स फ्रीझिंग, बाबा!" तिला उत्तर द्यायला कोणाचं तोंड उघडेना. पण घरात पाऊल टाकलं आणि ऊब अंगाला भिडली. सत्यभामाबाई दारातच उभ्या होत्या. स्वेटरवर शाल, कानाला रुमाल, आणि चेहरा मात्र नेहमीसारखा फुललेला नव्हता.

चहा देताना त्यांनी मृणालिनीला सांगितलं. हलिमाबाईंचा मुलगा तहसीन शिक्षण संपवून परत आला होता आणि पाहुणेघराचा कारभार आता तो बघत होता. मागच्या हिवाळ्यात एका कुटुंबानं खोली थंड असल्याची तक्रार केली होती. तहसीनला विजेचे हीटर बसवायचे होते. आईला बॉयलर मोडवत नव्हता, यजमानांची ती आठवण होती. शेवटी त्यानं एक हिवाळा दिला. यंदाच्या थंडीत घर गार पडलं नाही तर बॉयलर राहील, पडलं तर हंगाम संपताच भंगारात जाईल. तोवर स्वयंपाकाला दुसरी माणसं आली होती. बॉयलर गेला की सत्यभामाबाईंना तिथे काम उरणार नव्हतं.

"वाईट न्हाई वो पोरगं," त्या म्हणाल्या. "मला हातमोजं त्यानंच आणून दिलं. पर त्येचं बी खरं हाय. पाव्हना कुडकुडला तर धंदा कसा हुईल?"

"मग गावी जाल का?" मृणालिनीनं विचारलं.

"जायचं तर हायच, वैनी. ल्योक बोलावतोय, सून बी बरी हाय. पर मी जाईन ती माझ्या मनानं. बॉयलर काढला म्हणून बाई बी काढली, असं न्हाई जायाचं मला."

उद्या दुपारी हलिमाबाई आणि तहसीन भोगीच्या जेवणाला येणार होते. मृणालिनीनंच बोलावलं होतं. म्हणजे परीक्षा उद्याच होती, आणि तीही त्या हिवाळ्यातल्या सगळ्यात थंड दिवशी.

सत्यभामाबाईंनी मग पाहुण्यांना रिवाजाप्रमाणे बॉयलरपाशी नेलं. भोगीच्या सकाळी झाडून सगळे डोक्यावरून न्हाणार, हे त्यांना ठाऊक होतं. अंघोळीची टाकी एवढ्यांना एका वेळी पुरणार नाही, म्हणून त्यांनी तोटी दाखवून ठेवली. "कमी पडलं तर बादली घिऊन हितं या. लाजू नका. आपला बंबच हाय समजा."

वैभवी हरखली. तिच्या आजोळी तांब्याचा बंब होता. सुयशच्याही घरी होता. मग प्रत्येकाच्याच घरी होता असं निघालं आणि बराच वेळ बंबांचीच चर्चा झाली. कोणाचा चिंचेनं घासायचे, कोणाच्या बंबाच्या निखाऱ्यात रताळी भाजायचे, कोणाच्या बंबाला हात लागून दंडावर डाग राहिला. दाखवलेसुद्धा डाग. सत्यभामाबाई ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू पूर्वीसारखा होत होता.

सकाळी अपेक्षेप्रमाणे टाकीतलं गरम पाणी पहिल्या काही जणांतच संपलं. अंगणात बादल्यांची ओळ लागली. दवानं फरशी ओली, वारा कानात शिरतोय, डोक्याला तिळाचं तेल थापलेलं, अंगावर जे सापडेल ते पांघरूण. सुयश तर मुलीची गुलाबी चादर गुंडाळून आला होता.

"ए, राजकन्येला आधी सोडा!" कोणीतरी ओरडलं.

"हसा. तुमची बादली मीच उचलून देणार आहे, काका."

सत्यभामाबाई तेव्हा स्वयंपाकघरात बाजरीच्या पिठापाशी होत्या. भट्टी त्यांनी पहाटेच नीट लावून ठेवली होती. तासाभरात न्हाणी उरकली, केस पुसत मंडळी आत आली, आणि हळूहळू एकेकाच्या लक्षात यायला लागलं की आत आणि बाहेर फारसा फरक राहिलेला नाही. मृणालिनीनं रेडिएटरला हात लावला. नुसता कोमट. थोड्या वेळानं तेवढाही उरला नाही.

सत्यभामाबाई हातातला गोळा टाकून धावल्या. भट्टीत जाळ चांगला होता. परतीच्या पाइपावर हात ठेवला, पाइप गार. आणि मग ज्या गोष्टीबद्दल त्या सगळ्यांना बोलायच्या, तीच त्यांनी केली. घाबरून भट्टी ठासून भरली. पत्र्याला टेकवलेली सुकी लाकडं संपली तशी बाहेरच्या ढिगातली उचलून घातली, दव प्यायलेली. धुराड्यातून पांढरा दाट धूर निघाला आणि वाऱ्यानं तो अंगणभर झाला. पाणी तसंच.

"मावशी, थांबा जरा," सुयश म्हणाला. त्यानं चादर टाकली आणि पाइपाच्या वाटेवरची एक फरशी उचकटली. आठवड्यापूर्वीच्या पावसाचं पाणी खाली मुरलं होतं, पाइपावरचं जुनं आवरण भिजून चिंब झालं होतं. "हे बघा. ओलं आवरण म्हणजे नसल्यासारखंच. इथे ऊब जातेय तुमची."

सत्यभामाबाईंनी वाकून पाहिलं. "जात आसंल. पर ह्ये आठवडाभर भिजलंय की. काल घर गरम हुतं का न्हवतं?"

"होतं."

"मग आज काय झालं?"

ओलं आवरण थोडी ऊब खात होतं हे खरं, पण एका तासात अख्खं घर गार पडण्याएवढी नाही. आत बाजरीच्या भाकऱ्या खोळंबल्या होत्या. हलिमाबाईंची गाडी खालच्या वळणावर दिसल्याचं कोणीतरी येऊन सांगितलं. सत्यभामाबाई भट्टीच्या दाराशी उकिडव्या बसून आत नुसत्या बघत राहिल्या.

तेवढ्यात मृणालिनी आली. भांडी विसळायला तिला बादलीभर गरम पाणी हवं होतं. तिनं तोटी सोडली, बादली भरून बाजूला ठेवली. मग अंगणातल्या नळाखाली दुसरी बादली भरली, उचलली, बॉयलरच्या पायरीवर चढली आणि झाकण वर केलं.

"ओ वैनी! काय करताय?"

"काय म्हणजे? ओततेय."

"कशाला?"

"अहो, घेतलं तेवढं ओतायला नको का? मागच्याला काय राहील? एवढी अशी वाटले का मी तुम्हाला?"

सत्यभामाबाई उठून उभ्या राहिल्या. मग सावकाश वळून त्यांनी अंगणातल्या मंडळींकडे बघितलं. "सकाळी समद्यांनी ओतलं?"

सुयश म्हणाला, "मी दोन. मागच्याला कमी पडू नये म्हणून एक जास्तच."

"मीपण," वैभवी म्हणाली. "आमच्या आजीनं तर एकदा मामाला ओलेत्यानं परत पाठवलं होतं ओतायला."

ओळीतल्या एकूण एक माणसानं ओतलं होतं. मीही. बंबातून बादली काढायची आणि गार पाण्याची बादली न ओतता निघून जायचं, असं आमच्यातल्या कोणाच्या हातून झालंच नसतं. आणि ते पाणी कसं होतं? उन्हाळ्यात तापू नये म्हणून तिथली पाण्याची टाकी पांढऱ्या रंगाची आणि गर्द सावलीत ठेवलेली आहे. त्या सकाळी ते पाणी बर्फासारखं होतं. इतकी वर्षं आखातात राहून, नळाचं गार पाणी खरोखर गार असू शकतं हेच आम्ही विसरलो होतो. एका बादलीनं त्या बॉयलरला काही होत नाही, त्याच्या पोटात पाणी पुष्कळ. पण तेवढी सगळी कुटुंबं, तेवढ्या बादल्या, वर घर ऊब मागतंय, वारा पत्रा निववतोय, भिजलेला पाइप आपला वाटा काढतोय. आम्ही आमच्या चांगल्या वळणानं त्याचा जीव काढला होता.

सत्यभामाबाई हसायला लागल्या. डोळ्याला पदर लावून हसत होत्या, धुरानं की कशानं ते कळत नव्हतं. "आवो, मी तरी काय शानी! रोज माझी बादली घेतली की मी बी ओततेच की. आणि वर तुमास्नी सांगितलं, आपला बंब समजा."

तहसीन आला तेव्हा घर गार होतं. त्यानं दिवाणखान्यातल्या रेडिएटरवर हात ठेवला, काढला, आणि आईकडे बघून, पण आम्हालाही कळावं म्हणून हिंदीत म्हणाला, "खलास. देखा, अम्मा?"

आम्ही सगळे ओल्या केसांनी उभे. सुयश पुढे होऊन काही बोलणार, तोच सत्यभामाबाई म्हणाल्या, "मेरी गलती है. मैंने इनको बोला, ये हमारा बंब है."

"नहीं, नहीं, हमने किया," मृणालिनी म्हणाली. मग सगळेच एकदम बोलायला लागले. तहसीननं हात वर केला.

"एक मिनिट, प्लीज. आप लोगों ने गरम पानी में ठंडा पानी डाला?"

"हां."

"सबने?"

"हां."

"लेकिन क्यों?"

"पीछेवाले के लिए," वैभवी म्हणाली.

त्याला काही अर्थबोध झाला नाही. पण हलिमाबाई खुर्चीवर टेकल्या आणि हसू लागल्या. "मेरी माँ का भी यही था, तहसीन. घड़े से जो पानी लेगा, वही भरेगा. न भरो तो मार पड़ती थी." मग थांबून म्हणाल्या, "तेरे अब्बा को भी एक बार पड़ी थी."

तहसीनलाही हसू आलं, पण खोली गार ती गारच होती, आणि त्याचं म्हणणं शाबूत होतं. सत्यभामाबाईंना ते कळत होतं. त्यांनी गयावया केली नाही. "शाम तक ठहरो," त्या म्हणाल्या. "शाम को भी ठंडा रहा, तो कल भंगारवाले को मैं खुद बुलाऊँगी."

आणि मग त्यांनी जे केलं ते मी उभं राहून पाहिलं. आधी पंप बंद केला. सुयश दचकला, "मावशी, मग घरात काहीच येणार नाही!" त्या म्हणाल्या, "निवालेलं पाणी फिरवून काय करायचं? आधी ह्येला तापू दे, मग घराला." सुयशनं क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. भट्टीतले ओले धुमसणारे ओंडके त्यांनी चिमट्यानं बाहेर ओढले आणि वाळूत टाकले. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली चुलीसाठी ठेवलेली फळकुटं आणली, आम्हा पुरुषांना ती फोडायला बसवलं, आणि मूठमूठ घालत स्वच्छ जाळ धरला. धूर निवळला. मग त्यांनी खोल्यांचे कॉक फिरवून बंद केले, फक्त दिवाणखान्याचा चालू ठेवला.

"समदे एका खोलीत बसा. जेवान बी तितंच."

सुयशनं डिकीत राहून गेलेली मटारची पिशवी उतरवली आणि फोम आणला. पाइपावरचं भिजकं आवरण कापून काढलं आणि नवं गुंडाळलं. उन्हाळ्यात गारवा राखायला बनवलेली ती वस्तू आता ऊब राखायला चालली होती. "माझ्या कंपनीला हे कळलं तर ब्रोशरमध्ये छापतील," तो म्हणाला. सत्यभामाबाईंनी ते आवरण दाबून पाहिलं. "चांगलं हाय. ह्येची एक गादी बी शिवून दे मला."

भोगीचं जेवण आम्ही पांघरुणं घेऊन केलं. तीळ लावलेली भाकरी, वर लोण्याचा गोळा, मिसळीची भाजी. हलिमाबाईंनी भाकरी दोनदा मागून घेतली. तहसीन जेवून उठला तो सरळ अंगणात गेला. मी खिडकीतून पाहत होतो. सत्यभामाबाईंनी त्याच्याकडे न बघताच लाकडं पुढे सरकवली आणि तोही एकेक देत राहिला. मग त्यांनी पंप सुरू केला. काही वेळानं त्यांनी त्याचा हात धरून परतीच्या पाइपावर ठेवला, आणि लगेच उचलून उलटा केला.

"उलटा हाथ. सीधा हाथ काम करके मोटा हो जाता है, झूठ बोलता है."

दिवाणखान्यातला रेडिएटर टकटक वाजू लागला तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. पाणी फिरायला लागलं की लोखंड असं वाजतं. आमच्यातल्या एकानं टाळी वाजवली. मग सत्यभामाबाईंनी एकेक खोलीचा कॉक उघडला, एका खोलीचं परतणारं पाणी हाताला पटेपर्यंत दुसरीला हात लावला नाही. सूर्य डोंगराआड गेला तेव्हा शेवटची खोली तापली होती. तहसीननं साऱ्या खोल्या फिरून पाहिल्या. काही न बोलता आईला घेऊन गेला.

त्या न बोलण्याचा आम्ही परतीच्या वाटेवर नाना प्रकारे अर्थ लावला. मृणालिनीला तर स्वतःची बादली राहून राहून आठवत होती. "मी नसते गेले भांडी विसळायला तर?" असं म्हणे, आणि पुढे, "पण गेले म्हणून तर कळलं ना?" मी दोन्हीला हो म्हटलं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिला हलिमाबाईंचा फोन आला. त्यांना एक पाटी रंगवून घ्यायची होती, मराठीतून. बर दुबईत मीना बाजारच्या मागे एक पाट्या रंगवणारा होता, पण मजकूर कोण देणार?

"क्या लिखना है?" मृणालिनीनं विचारलं.

"सत्या से पूछो, उसी ने कहा है," असं म्हणून त्यांनी फोन सत्यभामाबाईंकडे दिला. पलीकडून मजकूर आला आणि मृणालिनी लिहिता लिहिता हसत सुटली. ती पाटी आज त्या अंगणात आहे. डोंगरात, जिथे रस्त्यावरच्या पाट्या अरबी आणि इंग्रजीत आहेत, तिथे एकच पाटी मराठीत: "यात गार पाणी ओतू नये. ओतल्याशिवाय राहवत नसेल तर शेजारच्या पिंपात ओतावे."

पिंप खरोखर ठेवलेलं आहे. बॉयलरच्या पत्र्याला चिकटून, बाहेरच्या बाजूनं सुयशनं दिलेल्या फोमात गुंडाळलेलं. त्यात ओतलेलं पाणी पत्र्याच्या उबेनं कोमट होतं आणि मग ते थोडं थोडं बॉयलरमध्ये ओततात. घेतलं तेवढं ओतायची सवय मोडायची नाही, फक्त वाट बदलायची, ही युक्ती सत्यभामाबाईंची. आणि लाकडांवर आता पक्कं छप्पर आहे, ते तहसीननं घातलं. भंगारात जाणाऱ्या वस्तूवर कोणी पाटी लावत नाही आणि तिच्या लाकडांवर छप्परही घालत नाही. बॉयलर राहिला, हे आम्हाला असं कळलं. सत्यभामाबाईंनाही तसंच कळलं असावं, कारण तहसीननं त्यांना शब्दानं सांगितल्याचं त्यांना आठवत नाही.

त्यानंतर त्या आणखी काही हिवाळे राहिल्या. गेल्या डिसेंबरात त्यांनीच हलिमाबाईंना सांगितलं की हा हंगाम संपला की मी जाते. कोणी काढलं नव्हतं. उलट तहसीननं दोनदा अडवून पाहिलं, पगार वाढवतो म्हणाला, लेकाला इथे आणतो म्हणाला. त्या म्हणाल्या, "बेटा, अब मेरा मन हुआ." एवढंच.

यंदाच्या भोगीला आम्ही गेलो तेव्हा त्यांचं सामान बांधायला घेतलेलं होतं. आमच्या बादल्यांची ओळ लागली, पिंप भरलं, घर तापलेलंच राहिलं. सत्यभामाबाई अंगणातल्या ओट्यावर शाल घेऊन बसल्या होत्या आणि भट्टीपाशी तहसीन होता. पुढच्या वर्षासाठी माणूस मिळाला नाही तर तो स्वतः बघणार आहे. त्यानं परतीच्या पाइपावर हात ठेवला, उलटा, डोळे मिटून.

मी त्यांना विचारलं, "जमेल का त्याला?"

त्यांनी त्याच्या हाताकडे पाहिलं.

"हात बरा हाय त्येचा," त्या म्हणाल्या. मग एकदम ओरडल्या, "तहसीन! वो नहीं, वो गीली है! उसके पीछेवाली!"